दोनशे अठरा जणांचं निधन

सांडोरच्या ज्युली टीचर बावीस वर्षं नववीला बीजगणित शिकवत होत्या. त्यामुळे वेबसाइट बनवणं आपल्याला जड नाही, असं त्यांनी गावच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत ठासून सांगितलं. मेच्या सुटीत व्हिडिओ बघत त्या जँगो नावाचं फ्रेमवर्क शिकल्या आणि जूनमध्ये संघाची वेबसाइट खरंच सुरू झाली. ज्याचा वाढदिवस, त्याच्या मोबाइलवर सकाळी सातला शुभेच्छा जायच्या. कोणी वारलं, तर त्याच वेळी त्या घरी सांत्वनाचा संदेश.

ऑगस्टमध्ये व्हिन्सेंट अंकल वारले. यादीत मात्र ते हयातच राहिले होते. एका संध्याकाळी टीचरनी त्यांच्या नोंदीपुढे 'दिवंगत' लिहायची क्वेरी, म्हणजे संगणकाला द्यायची आज्ञा, चालवली. कोणाच्या नोंदीपुढे, ही अट तेवढी राहून गेली. 'दोनशे अठरा नोंदी बदलल्या' असं स्क्रीनवर उमटलं, तेव्हा टीचर भाजीला फोडणी द्यायला उठल्या होत्या.

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कृष्णाकाकांचा फोन आला.

"टीचर, मी इथे केळीला पानी लावतोय, आणि तुमचा मेसेज आलाय की मी गेलो."

"काका, माझी चूक झाली. आत्ता दुरुस्त करते."

"मोबाइल घरी होता, सुनेनं आधी वाचलं. मोबाइल घेऊन अनवानी धावत आली बागेत. मला वाटायचं, हिला माझं काही नाही. दुरुस्त करा, पन घाई नाही."

मग फोनांची रांगच लागली. संघाचे सेक्रेटरी रिचर्ड यांचा मुलगा तर विरारहून रिक्षा करून निघालासुद्धा होता.

आदल्या दिवशीचा बॅकअप होता म्हणून निभावलं. अर्ध्या तासात सगळे हयात झाले. टीचरनी क्वेरी पुन्हा लिहिली, या वेळी अटीसकट, आणि चालवण्याआधी नुसती पाहून घेतली. एकच नोंद आली. पण आधी व्हिन्सेंट अंकलच्या पत्नी बर्था मावशींची माफी मागायला हवी होती. त्यांना दोन संदेश गेले होते, एक नवऱ्याचा, एक स्वतःचा.

मावशी ओट्यावर वाल सोलत होत्या. रागावल्या नव्हत्या.

"सगळ्यांना परत आणलंस?"

"हो, मावशी."

"व्हिन्सेंटला पण?"

"तेवढ्यापुरतं. आता घरी जाऊन त्यांची नोंद बदलते."

मावशींनी दोन शेंगा सोलल्या. "मंगळवारी वाढदिवस त्याचा. यादीत त्याच्यापुढे माझाच नंबर आहे, तुझा मेसेज माझ्याच मोबाइलवर येईल. तो यादीत राहिला, तर कोणाची जागा अडते का?"

"नाही," टीचर म्हणाल्या.

घरी स्क्रीनवर क्वेरी तशीच होती. टीचरनी ती तीनदा तपासली. अट अगदी बरोबर होती. मग त्यांनी ती पुसून टाकली.

पुढच्या बैठकीत रिचर्डनी सगळ्यांसमोर विचारलं, "टीचर, ती क्वेरी शेवटी नीट लिहिता आली का?"

"आली की," टीचर म्हणाल्या आणि चहाचा कप तोंडाला लावला.