बाबांच्या हातातली काठी

बैठकीच्या खोलीत खिळा ठोकून झाला होता, फोटोचा मात्र पत्ता नव्हता. बाबांना जाऊन महिना होत आला होता. आईने एकच मागणं मागितलं होतं. "ह्यांचा एकट्याचा फोटो नको. एकटं बसणं त्यांना कधी जमलं नाही. आपण सगळे आहोत असा लावा." आता ह्यात अवघड ते काय? पण ह्या घरात दादा होता, आणि दादाला फोटो सुधारता येत होते.

ही विद्या त्याला कुठून लाभली देव जाणे. एकदा ऑफिसच्या ग्रुप फोटोत त्याने रजेवर असलेल्या साहेबांना पहिल्या रांगेत आणून बसवलं. साहेबांनी पाठ थोपटली आणि तेव्हापासून घरच्यांचे हाल सुरू झाले. न सुधारलेला फोटो कुणी कुणाला पाठवायचा नाही, असा दादाने नियमच करून टाकला. फोटो निघाला की तो थेट दादाच्या लॅपटॉपवर जायचा. तिथे पोटं आत जायची, दात पांढरे व्हायचे, आणि मगच तो नातेवाइकांना दिसायचा.

सगळे असलेला फोटो एकच होता. ताईच्या नव्या बिल्डिंगच्या दारात, धाकट्या भावाच्या फोनवर, शेजारणीने काढलेला. डावीकडून दादा, दादाची बायको, आई, मधे बाबा, मग धाकटा, ताई आणि तिचा नवरा. धाकट्याने नियमाप्रमाणे तो दादाच्या लॅपटॉपवर टाकला. पुढच्याच आठवड्यात बाबा हॉस्पिटलात गेले आणि फोटो तिथेच पडून राहिला.

दादाने तो आता उघडला. आधी त्याने स्वतःच्या चेहऱ्याचं काहीतरी गुपचूप दुरुस्त केलं. काय ते बायकोलासुद्धा सांगितलं नाही. मग बाबांकडे वळला. बाबांचे डोळे मिटलेले होते.

"पाच मिनिटांचं काम," दादा म्हणाला, आणि बँकेच्या पासबुकावरच्या फोटोतून त्याने बाबांचे डोळे उचलले. डोळे उघडले खरे, पण काउंटरवरच्या माणसाने 'उद्या या' म्हटल्यावर जसे उघडतात तसे. एवढ्या आनंदाच्या प्रसंगी बाबा असे का बघताहेत, हे बघणाऱ्याला कळेना. म्हणून दादाने त्यांना थोडं हसवलं. आता ते जास्तच भीतिदायक दिसू लागले.

"राहू द्या ना मिटलेले," बायको म्हणाली.

"भिंतीवर झोपलेला माणूस लावू?"

"बरं. मग माझी हनुवटी तेवढी बघा."

हनुवटी बघून झाली. ताईचा फोन आला, तिचे दंड बारीक झाले. तिच्या नवऱ्याला केस हवे होते, तेही झाले. सगळे सुधारले. उरला धाकटा.

बाबा गेले तेव्हा धाकटा हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये चहा पीत होता. दादाच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं. "बाप जातोय आणि तू चहा ढोसतोयस? तुला कधी त्यांचं काही पडलं होतं का?" असं तो सगळ्यांदेखत ओरडला होता. धाकटा निघून गेला तो परत ह्या घराची पायरी चढला नाही. आई रोज त्याचं नाव काढायची आणि दादा रोज टीव्हीचा आवाज वाढवायचा.

"रोज उठून त्याचं तोंड बघायचं?" दादा स्क्रीनसमोर पुटपुटला. त्याने धाकट्याभोवती रेघ ओढली आणि बटण दाबलं. धाकटा गेला. मागे बिल्डिंगची भिंत छान पसरली.

पण बाबा तिरके दिसायला लागले. धाकटा असताना ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता बाबा वळणावरच्या बसमध्ये उभे असल्यासारखे कलले होते, आणि त्यांच्या कमरेपाशी कुणाचीच नसलेली चार बोटं राहिली होती. बोटं पुसली तर शर्टाच्या चौकटी तुटल्या. चौकटी जुळवल्या, बाबांना सरळ केलं, तर त्यांच्या बाहीला धरलेला आईचा हात हवेत लोंबकळू लागला. आईला सरकवलं तर बायकोचा खांदा गेला. बायकोला खांदा दिला तेव्हा तो ताईचा निघाला.

"माझ्या अंगावर तुमच्या बहिणीचं पोलकं?" बायको कडाडली.

दादाला घाम फुटला. शेवटी त्याने सगळ्यांना जागच्या जागी ठेवलं, बाबांना तिरकंच राहू दिलं आणि त्यांच्या हातात इंटरनेटवरची एक काठी दिली. झकास! काठीवर रेललेला म्हातारा माणूस, शंका घ्यायला जागाच नाही. त्याने फोटो सेव्ह केला, मोठा छापून घेतला, फ्रेम केली आणि आईपुढे धरला.

आईने चष्मा पुसला. बराच वेळ बघत राहिली.

"ही काठी कुणी दिली ह्यांना?"

"शोभते ना?"

"आणि तो कुठंय?"

"कोण?" दादाने विचारलं. एवढं बोलायला जीभ कशी वळली त्याची!

आईने फ्रेम उलटी करून मांडीवर ठेवली. "त्या दिवशी सकाळपासून ह्यांचे पाय थरथरत होते. मी म्हटलं काठी घ्या, तर नको म्हणाले. दादाला कळलं तर तो घर डोक्यावर घेईल, पोरीच्या नव्या घराचा विचका होईल. मग धाकट्याने मागून कमरेला धरलं. सगळा भार त्याच्यावर टाकून उभे होते ते. रात्र रात्र डोळा लागत नव्हता त्यांचा. आधार मिळाला आणि उभ्या उभ्या डुलकी लागली."

दादा खाली बसला. "मला का नाही सांगितलं कुणी?"

"तू ऐकतोस कुठे? तू लगेच सुधारायला घेतोस. आणि त्या चहाला मीच पाठवलं होतं त्याला. रात्रभर बसून होतं पोर. तू सकाळी आंघोळ करून आलास."

दादाला फार वाईट वाटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला जसा होता तसा फोटो हवासा वाटला. तो उठला आणि त्याने लॅपटॉप उघडला. मूळ फोटोवरच त्याने नवा सेव्ह करून टाकला होता. ताईकडे, बायकोकडे, कुणाकडेच मूळ फोटो नव्हता. नियमच होता ना तसा! तो फक्त एका फोनमध्ये असणार होता.

आईने स्वतःचा फोन त्याच्यापुढे सरकवला. दादाने नंबर लावला.

"हं, आई," पलीकडून धाकटा म्हणाला.

"मी बोलतोय."

दादाने लॅपटॉप मिटला.

"तो ताईकडचा फोटो," दादा कसाबसा म्हणाला, "आहे का रे तुझ्याकडे?"

"तुझ्याकडे दिला होता की."

"होता. माझ्याकडून... तो खराब झाला."

"आहे माझ्याकडे. पण त्यात बाबांचे डोळे मिटलेत."

"असू दे."

"तुझे पण मिटलेत, दादा."

दादाने आईकडे पाहिलं. ती खिळ्याकडे बघत होती.

"माहीत आहे," तो म्हणाला. "असू देत."

"बरं. पाठवतो फोनवर."

"फोनवर नको," दादा घाईघाईने म्हणाला. "तू घेऊन ये."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, मग चपला शोधल्याचा. आई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि स्वयंपाकघराकडे निघाली.

"चहा टाकते," ती म्हणाली. "त्याला आल्या आल्या लागतो."

दादाने फ्रेमचे मागचे खिळे काढायला घेतले.