ढगातला आदर्श वाचक

मुलांनो, डोळे मिटा आणि एक संगणक डोळ्यांसमोर आणा. आणलात? आता तो काढून टाका. जे उरलं, त्याला आभासी यंत्र म्हणतात. जी वस्तू मुळात नाही, ती पडून फुटत नाही, तिच्यावर धूळ बसत नाही आणि तिला ठेवायला टेबल लागत नाही. म्हणून हल्ली सगळ्या शहाण्या संस्था नसलेल्या वस्तूंवर चालतात.

खरं तर दूर कुठेतरी कुणाचा तरी भलामोठा संगणक असतो. त्याचे मनातल्या मनात तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याला सांगतात, बाबा रे, तू एकटाच आहेस. तुकडे विश्वास ठेवतात. या व्यवस्थेला क्लाउड म्हणतात. (क्लाउड म्हणजे ढग. ढग म्हटलं की किल्ली कुणाकडे आहे, हे कुणी विचारत नाही.)

आमच्या वाचनालयानेही ढगात जायचं ठरवलं. काम एका तरुण इंजिनिअरकडे आलं. त्याची चौथीतली भाची रोज वाचनालयात यायची. सारखी प्रश्न विचारते म्हणून सगळे तिला टिटवी म्हणत.

मामाने काम मन लावून केलं. पुस्तकं द्यायला एक यंत्र, परत घ्यायला दुसरं. प्रत्येकाला ढगात स्वतंत्र गल्ली, म्हणजे नेटवर्क. गल्लीत घरांना क्रमांक आणि तोंडाशी पहारेकरी, ओळखीशिवाय कुणालाही न सोडणारा. कुणावर अन्याय नको म्हणून मामाने दोन्ही गल्ल्यांतल्या घरांना अगदी तेच क्रमांक दिले. पुढे गल्ल्या जोडायची वेळ आली, तेव्हा ढगाने साफ नकार दिला. सात नंबरचं घर म्हणजे कुठल्या गल्लीतलं, हे त्याला कळेना. वाचनालयाच्या समितीने मामाच्या निःपक्षपातीपणाचं अभिनंदन केलं.

त्यामुळे पुस्तक परत आलं, तरी ते देणाऱ्या यंत्राला कळायचंच नाही. एकदा बाहेर गेलेलं पुस्तक, कपाटात असलं तरी, कायमचं बाहेर.

त्यातच यंत्र तपासायला मामाने एक खोटा वाचक बनवला होता. नाव, चाचणी वाचक. त्याने एका दुपारात, फक्त नोंदीत, सगळी चांगली पुस्तकं नेली. त्यांत टिटवी वाचत होती त्या गोष्टीचा दुसरा भागही गेला. पहिल्या भागाच्या शेवटी आंधळ्या कप्तानाच्या होडीला भोक पडलं होतं, आणि त्या दिवसापासून टिटवीला जेवण गोड लागत नव्हतं.

"मामा, पुस्तक ते काय, समोर दिसतंय."

"दिसतंय गं. पण ते बाहेर आहे."

"मग मी बाहेर जाऊन आणू?"

मामा पहारेकऱ्यांचे नियम पुन्हा तपासू लागला. ग्रंथपालबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि समजावलं की नेणाऱ्याने परत आणल्याशिवाय त्यांचेही हात बांधलेले आहेत.

वर्षअखेरीस आदर्श वाचक निवडायचा होता. यंत्राने आकडेवारी दिली. सर्वाधिक पुस्तकं चाचणी वाचकाने नेलेली. पान दुमडल्याची, मोठ्याने बोलल्याची, खुर्ची ओढल्याची नोंद नाही. (तक्रारींपैकी शंभर टक्के तक्रारी अस्तित्वात असलेल्या वाचकांबद्दल होत्या.) निवड एकमताने झाली. मामा काही सांगणार होता, पण अध्यक्षांनी सत्काराच्या यादीत त्याचंही नाव घातलं, तेव्हा तो थांबला.

वाचनालयातच झालेल्या समारंभात चाचणी वाचकाचं नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. अध्यक्ष बक्षिसाचं पेन धरून अवघडले. तेवढ्यात टिटवी उठली आणि व्यासपीठावर गेली.

"आपणच का ते?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो. मामाला विचारा."

मामाने चटकन हिशेब केला. एक तर भाची खरी होती, नाहीतर समितीने हवेला बक्षीस दिलं होतं.

"हो," तो म्हणाला, "हीच ती."

टाळ्या झाल्या. टिटवीने पेन टेबलावरच ठेवलं आणि ती थेट कपाटाकडे निघाली. काउंटरपुढे खरे वाचक रांग लावून उभे होते, आपण खरे आहोत हे यंत्राला कधी पटतंय याची वाट पाहत. हसू नका. त्या रांगेत तुम्हीही होतात, आणि "ए, नंबराने ये," हा पहिला आवाज तुमचाच होता.

तिने आता स्वतःच्याच नावावर असलेलं पुस्तक काढलं, बाहेरच्या पायरीवर बसली आणि होडी बुडाली का ते पाहायला पहिलं पान उघडलं.