साखर एका बाकावर, तूप दुसऱ्यावर

फिलूमावशी आमच्या घरात पहिल्यांदा आली ती मागच्या दारानं. ना ख्यालीखुशाली, ना ओळखपाळख. सरळ माझ्यासमोर बसली, माझ्या हातातली वाटी काढून घेतली आणि अर्धी खीर पिऊन मोकळी झाली. तोंड पुसत म्हणाली, "उरली ती तुजी." आणि निघून गेली.

मी नवी सून, आगाशीहून वसईतल्या या वाडीत आलेली. पाचवा महिना लागला होता. सासूबाई म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नकोस, ती तसलीच आहे. वाडीत कुणालाही दिवस गेले की ही तिच्या ताटावर येऊन बसते. पोटुशी असते दुसरीच, डोहाळे मात्र फिलूचे पुरवावे लागतात, असं सगळी वाडी म्हणायची.

मावशी बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या पलीकडे एकटी राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. माहेर नायगावच्या खाडीकाठचं, मासेमारांचं. इतकं गोड खाऊन ही बाई अशी वाळकी कशी, असं मला वाटायचं. पण त्या दिवसांत कुठलाच विचार शेवटापर्यंत जात नसे. दुपारी केळीच्या पानांतून आलेला हिरवट उजेड भिंतीवर हलत राही, लांब कुठेतरी विहिरीवरचा पंप धडधडे आणि मी अर्धी जागी, अर्धी झोपेत पडून असे. ऐंशी सालच्या आसपासच्या त्या दुपारी माझ्यासाठी अजून संपलेल्या नाहीत.

अशातच डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. साखर निघाली होती. गोड जवळजवळ बंद, तूप-तेल बेतानं, पण उपाशी राहायचं नाही. ऐकलं नाही तर बाळंतपण दोघांनाही जड जाईल, असं त्यांनी बजावलं. माझं धाबंच दणाणलं. आमच्या वाडीची रीत अशी, की पोटुशीला घरोघरून ताट यायचं आणि ते रिकामंच परत जायला हवं. काही उरलं तर पाठवणारी रुसायची, शिवाय बाळाला अपशकुन. डिंकाचे लाडू, शिरा, सुकेळी म्हणजे वाळवलेली गोड केळी, तुपात तळलेल्या करंज्या. रोज काहीतरी हजर. सासूबाईंना साखरेचं सांगितलं तर म्हणाल्या, गोड खाऊन कुणाला काही झालंय का, तू दोन जिवांची आहेस.

मग मीच मागच्या दाराकडे डोळे लावून बसू लागले.

मावशीचा एकच कायदा होता. आमच्या चर्चमध्ये तेव्हा मिस्सेला पुरुष एका बाजूच्या बाकांवर बसत, बायका दुसऱ्या बाजूच्या. "साखर आन तूप तसंच बसवायचं," ती म्हणायची. "दोगांना एका बाकावर बसू द्यायचं नाय." सकाळी सुकेळं खाल्लं तर दुपारच्या भातावर तूप नाही. भातावर तूप घेतलं तर चहा बिनसाखरेचा. लाडू पाहिला की मात्र तिचं डोकं फिरायचं, कारण त्यात ती दोघं लग्न लावूनच आलेली. मग मोठा वाटा तिचा. शिऱ्याचं तूप ती चमच्यानं दाबून दाबून काढायची. वर मला भाकरी-बांगडा खायला लावून बावखलाभोवती फिरवून आणायची. चालता चालता मध्येच थांबून पाण्याकडे बघत राही. मीही बघत राही.

सातव्या महिन्यात माझी गालफडं बसलेली पाहून सासूबाईंचा धीर सुटला. त्यांनी स्वतः सढळ तूप घालून लाडू वळले, ताट माझ्यापुढे ठेवलं आणि मागच्या दाराला आतून कडी घातली. नेहमीच्या वेळी मावशीनं दार वाजवलं. कुणी उघडलं नाही, तशी ती पायरीवर बसून राहिली. खिडकीतून तिच्या डोक्यावरचा पदर तेवढा दिसत होता. मी लाडू उचलला आणि परत ठेवला. बाळाची भीती वाटत होती आणि सासूबाईंचं मनही मोडवत नव्हतं. मला रडू फुटलं. शेवटी उठले, कडी काढली आणि ताट घेऊन तिच्याशेजारी पायरीवर जाऊन बसले.

मावशीनं एकामागून एक लाडू संपवले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ठसका लागत होता, तरी थांबली नाही. दारात उभ्या सासूबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, काय ही हाव.

पुढच्या तपासणीत साखर उतरली होती. मुलगी झाली, बेताच्या वजनाची आणि मोठ्या आवाजाची. बाप्तिस्मा झाल्यावर सासूबाई विरघळल्या. हावरट असली तरी तुझ्यामागे फिरली बिचारी, म्हणून दोन लाडू ताटात घालून त्यांनी मला मुलीसकट मावशीकडे पाठवलं.

मावशीनं मुलीला घेतलं आणि ताट बाजूला सारलं. "मला गोड नाय चालत गं. वासानंच मळमळतं."

तिनं मुलीच्या मुठीत आपलं बोट दिलं आणि सावकाश सांगितलं. "मला दिवस गेलते तवा ताटावर ताट यायचं. नको कसं म्हनायचं, म्हनून मी खाल्लं समदं. पोर मोठं झालं, गोंडस. रडलंच नाय. साखर व्हती, ते डॉक्टरनं मंग सांगितलं." "कोनीतरी माज्या ताटात हात घालायला पायजे व्हता."

ताट तसंच परत नेणं तर शक्य नव्हतं आणि बाळंतपणानंतर माझी गोडाची बंदीही उठली होती. मी दोन्ही लाडू हळूहळू खाल्ले. बावखलावरचा उजेड तिच्या छतावर हलत होता आणि ती मुलीला जोजवत होती.

घरी सासूबाईंनी रिकामं ताट पाहिलं. "खाल्ले तिनं?"

"दोन्ही," मी म्हटलं.

त्या खूश झाल्या. म्हणाल्या, दर रविवारी नेत जा.

तेव्हापासून दर रविवारी मिस्सा झाली की मी ताट आणि मुलगी घेऊन बावखलाच्या पलीकडे जायचे. लाडू मी खायचे, मुलगी मावशीच्या मांडीवर असायची. वाडीतले लोक म्हणायचे, म्हातारी झाली तरी फिलूची हाव काही सुटत नाही.