सील शाबूत आहे

एका जंगलात, मुलांनो, चोऱ्या फार होत. डोंगरावर भरलेला शेंगांचा कंटेनर बंदरावर पोचेपर्यंत अर्धा होई. सिंहमहाराजांनी तीन दिवस विचार केला आणि दारांना सील लावायचा हुकूम काढला. लाखेचं, लालभडक, वर महाराजांच्या पंजाचा ठसा. ज्याच्या गाडीचं सील तुटेल, त्याच्या गळ्यातली घंटा काढून घ्यायची.

घंटा म्हणजे साधी गोष्ट नव्हे. ज्याच्या गळ्यात घंटा, त्यालाच नदीकाठचं हिरवं कुरण. बाळकू रेड्याच्या गळ्यात ती बारा वर्षं होती. त्याने वाटेत कधी एक शेंगही फोडली नव्हती. त्याचं डोकं जरा सावकाश चाले, पण ओझं त्याला बरोबर कळे. मान सांगायची.

एका दुपारी तो घाटातल्या कोल्ह्याच्या ढाब्यावर थांबला.

"या बाळकूदादा," कोल्हा म्हणाला. "उन्हाचं कुठं निघालात? पेंड खा, घटकाभर लवंडा. गाडीकडे आमची पोरं बघतात."

पोरांनी खरंच गाडीकडे बघितलं. फार जवळून बघितलं.

बाळकू उठला, जू मानेवर घेतलं, आणि मान म्हणाली, माल गेला. त्याने सील पाहिलं. शाबूत होतं.

"गाडी हलकी लागतेय," तो म्हणाला.

"पेंड खाल्लीत ना. अंगात ताकद आली," कोल्हा म्हणाला.

बाळकूने दाराची दुसरी बाजू पाहिली. बिजागऱ्यांना ताजं तेल होतं. एक खीळ उलटी बसवलेली होती. म्हणजे दार सिलासकट काढून ठेवलं होतं आणि पुन्हा लावलं होतं. हे समजायला त्याला वेळ लागला, पण समजलं.

तो पुढच्या नाक्यावर गेला. तिथे बगळा तपासणीला होता. बगळ्याने एक डोळा मिटून सील पाहिलं. "शाबूत आहे. म्हणजे माल आत आहे."

"साहेब, आत बघा तरी."

"सील तोडल्याशिवाय कसं बघणार? आणि तोडायचं कशाला, शाबूत आहे की."

बाळकूला कुरण आठवलं. मग कोल्ह्याची पेंड आठवली. त्याने शिंग घातलं आणि सील तोडलं. चाळीस पोत्यांच्या जागी चार पोती होती.

"बघा," तो म्हणाला.

बगळा आत बघतच नव्हता. तो लिहीत होता : सील तुटले.

प्रकरण दरबारात गेलं.

"सील कोणी तोडलं?"

"मी, महाराज. पण माल त्याआधीच गेला होता."

"सील असताना माल जातो कसा?"

"बिजागरीतून, महाराज. तुम्ही बिजागरी तर बघा."

"बिजागरीवर आमचा ठसा आहे का?" महाराजांनी विचारलं. नव्हता. मग तो विषय संपला.

कोल्ह्याची साक्ष झाली. तो हात जोडून म्हणाला, "महाराज, माझ्या ढाब्यावर शेकडो कंटेनर थांबले. एकाचंही सील तुटलं नाही. बाळकूदादांनी असं करावं, याचं मलाच वाईट वाटतं."

महाराज गहिवरले. त्यांनी कोल्ह्याला सील संरक्षण समितीचा अध्यक्ष केलं. समितीने सील दुप्पट मोठं केलं. आणि दारं कुरकुरू नयेत म्हणून सगळ्या बिजागऱ्यांना फुकट तेल पुरवलं.

बाळकूची घंटा गेली. आता तो घाटातल्या काटेरी उतारावर चरतो. परवा तिथून एक तरणा रेडा कंटेनर घेऊन चालला होता. गळ्यात बाळकूचीच घंटा होती.

"काका," तो म्हणाला, "ढाब्यानंतर गाडी कशी फुलासारखी झालीय. असं होतं का?"

बाळकूने चघळणं थांबवलं. त्याने त्या घंटेकडे पाहिलं.

"सील?" त्याने विचारलं.

"शाबूत आहे."

"मग मागे बघू नकोस, बाळा. पळव."

तात्पर्य : चोरी करणाऱ्याने दार नीट लावून घ्यावं. कारण जो ते उघडून दाखवतो, तोच चोर. शिवाय रिकामा कंटेनर ओढायला हलका असतो, हे मुक्या जनावरालाही कळतं.