इंग्रजीतून घाबरणारे सुभेदार

सुभेदार नानांना मराठीत भीती वाटत नसे. वाटायची ती इंग्रजीतच, आणि तीही फौजेतल्या हुद्द्यांसारखी चढत्या क्रमानं.

न्हाव्यानं वस्तरा गळ्याशी आणला की नाना डोळे मिटून म्हणायचे, "अनईझी." डोक्यावर वीज कडाडली की "अलार्मिंग." तासगावच्या रस्त्यावर एस्टीचा ड्रायव्हर स्टिअरिंग सोडून तंबाखू मळायला लागला की "टेरिबल." त्याच्यावर "हॉरिबल", आणि सगळ्यात वर "घास्टली". हा शेवटचा शब्द मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकला. आमच्याच घरी, आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्यांदा केलेला डिंकाचा लाडू फोडताना.

कुंडलच्या अलीकडं आमचं गाव. मी तिथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला होतो आणि नाना माझे शेजारी. वीस-बावीस वर्षं फौजेत सिग्नलमध्ये तारा ठोकून पेन्शनीत आलेले. बायको कधीच गेलेली. एकुलता एक शामराव, तोही फौजेत. घरात म्हणजे नाना, एक म्हैस आणि एक रेडिओ.

"मराठीत काय हाय मास्तर?" ते मला हिणवायचे. "उंदराचं बी भ्या आन् यमाचं बी भ्याच. मानसानं वळखायचं कसं?"

मी बी.ए., बी.एड. माझं डोकं फिरायचं. "नाना, धास्ती आहे, दहशत आहे, धडकी भरते, पाचावर धारण बसते, बोबडी वळते. काय कमी आहे?"

"आवं, बोबडी वळल्यावर 'माजी बोबडी वळली' असं म्हनता येतंय का कुनाला? 'हॉरिबल' म्हनता येतंय!"

कप्पाळ!

मला खरा राग होता तो दुसराच. गावात घरटी एक पोरगा फौजेत, त्यामुळं तार आली की गावाचा जीव टांगणीला. सायकलवरून पोस्टमन येताना दिसला की बाया तार कुणाची हे कळायच्या आधीच पदर तोंडाला लावायच्या. तारा इंग्रजीत. आणि त्या वाचायला जायच्या कुणाकडं? माझ्याकडं नव्हे, नानांकडं! डिग्री मी काय चाटायची होती?

एकदा मात्र संधी आली. पलीकडच्या हौसाबाईंना जम्मूहून तार आली आणि नाना मळ्यात गेलेले. मी धावलो. तार घेतली, चष्मा पुसला, आणि ऐटीत सांगून टाकलं, "मुलगा सीरियस आहे."

आमच्याकडं 'पेशंट सीरियस आहे' म्हटलं की लोक पाहुण्यांना निरोप धाडायला लागतात. हौसाबाईंनी जी किंकाळी फोडली ती मला अजून ऐकू येते. चुलीवरचा तवा कुणीतरी उतरवला, भावकी जमली, एक जण लेकीला आणायला पलूसला निघालासुद्धा. तेवढ्यात नाना मळ्यातून चिखलाच्या पायांनी पळत आले आणि त्यांनी माझ्या हातातली तार ओढून घेतली.

"गप ऱ्हावा समदी! हितं काय लिवलंय? सीरियसली इल लिस्ट. फौजेत दोन याद्या असत्यात. सीरियसली ही खालची. डेंजरसली ही वरची. वरच्या यादीत नाव गेलं तर देवाला हाक मारायची. खालच्या यादीतली पोरं परत येत्यात. हौसा, तवा ठेव चुलीवर!"

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मास्तर, तुमचं इंग्लिश अलार्मिंग हाय."

पोराला कावीळ झाली होती. महिन्याभरानं रजेवर आला आणि माझ्याच अंगणात कबड्डी खेळला. गावात मात्र पोरंटोरं मला 'सीरियस मास्तर' म्हणायला लागली. मी नानांशी आठ दिवस बोललो नाही.

मग एकाहत्तरचा डिसेंबर आला. लढाई पेटली आणि शामरावचं पत्र यायचं बंद झालं.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "नाना, काय म्हणतंय मन?" ते म्हणाले, "जरा अनईझी." बस्स, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून तेही नाही. लोक लढाईच्या बातम्या ऐकायला त्यांच्या ओट्यावर जमायचे, बॉम्बचं, रणगाड्यांचं ऐकायचे, आणि नानांच्या तोंडाकडं बघायचे. नाना रेडिओचं बटण पिळत राहायचे. एवढ्या मोठ्या लढाईत या माणसाला एक इंग्रजी शब्द सुचू नये, याची मलाच धास्ती वाटायला लागली.

रोज सकाळी ते फेटा बांधून एस्टीच्या थांब्यावर उभे राहायचे. पोस्टमन त्याच वाटेनं यायचा. "कुठं निघाला नाना?" विचारलं की, "तासगावला." तासगावची गाडी यायची, जायची, पुढची यायची. पोस्टमन मान हलवून पुढं गेला की नाना घरी परतायचे. तासगावला काही ते गेले नाहीत.

लढाई थांबल्याचं रेडिओनं सांगितलं. गावात पेढे वाटले. नानांनी पेढा कपाळाला लावून खाल्ला, आणि मी म्हटलं, सुटलो बुवा.

त्याच्या तिसऱ्या दिवशी मी नववीच्या वर्गावर होतो. दारात नाना उभे. फेटा नाही, पायात वहाण नाही. हातात तारेचा लिफाफा, न फोडलेला.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमी बी.ए. हायसा. तुमी वाचा."

इतकी वर्षं हेच ऐकायला मी तडफडत होतो, आणि आता ऐकलं तर वाटलं, यांनी दुसऱ्या कुणाकडं जायला हवं होतं. लिफाफा फोडला. शामराव जखमी. पुण्याच्या मिलिटरी इस्पितळात. पुढं यादीचं नाव होतं. ते मी मनातल्या मनात दोनदा वाचलं.

नानांनी माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं. "वरची यादी," ते म्हणाले. मी मान हलवली. ते बाकाचा आधार घेऊन खाली बसले. पोरं उठून उभी राहिली.

"पुन्याला येता का माज्यासंगं? एकट्याला न्हाई जमायचं."

कराडहून एस्टी धरली. गाडी हलली तसं नानांनी माझं मनगट पकडलं ते सोडलंच नाही. सातारा गेलं, खंबाटकीचा घाट आला. घाटात म्हणाले, "असल्या तारा लय ठोकल्या म्या, मास्तर. त्या टोकाला बसून. ठोकायची, आन् च्या प्यायला जायचं. ह्या टोकाला काय हुतं ते मला ठावं नव्हतं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "भ्या वाटतंय हो मला. लय भ्या वाटतंय."

मी काय धीर देणार? मलाच रडू फुटलं.

इस्पितळात वॉर्डच्या दारातच सिस्टरनं सांगितलं, आज सकाळी नाव खालच्या यादीत आणलंय. नानांनी माझं मनगट सोडलं, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि छाती काढून आत गेले.

शामराव जागा होता. चेहरा पांढरा पडलेला. चादर डाव्या बाजूला गुडघ्याच्या खाली सपाट पडली होती. नानांनी ती पाहिली आणि नजर पोराच्या तोंडावर आणली.

"नाना," तो हळूच म्हणाला, "लय भ्याला आसशीला?"

"भ्यायला काय झालं? सुभेदार हाय मी. इचार मास्तरास्नी."

माझ्या मनगटावर त्यांच्या पाचही बोटांचे वळ उठले होते. मी सदऱ्याची बाही खाली ओढली.

"घाबरलो होतो मी," मी म्हणालो. "सबंध वाट नानांनी माझा हात धरला, म्हणून इथवर पोचलो."

शामराव हसला.

"मास्तर मानूस चांगला हाय," नाना म्हणाले, "पर लय भित्रा." असं म्हणत ते वाकले, पोराच्या अंगावरची चादर सारखी केली, आणि जिथं पाय नव्हता तिथंही ती नीट खोचून घेतली.