हायड्रोजनचा अणू आणि सुरतेचा फोन

जळगावहून आलेल्या माझ्या मामेभावाने एकदा आमच्या शेजारच्या पाटील नानांना विचारलं, "नाना, स्टँडवर कसं जायचं?"

नाना म्हणाले, "आधी खुर्चीवरून उठा."

त्याला वाटलं, हाकलतायत. तो बिचारा उठला. "आता चपला घाला. फाटक बाहेरच्या बाजूला उघडतं, आत ओढू नका. बाहेर पडल्यावर तोंड कुठं आहे ते पाहा." मामेभाऊ चपला घालून, पिशवी हातात धरून सगळं ऐकत उभा राहिला. नाना त्याला पुलापर्यंत पोचवेपर्यंत, म्हणजे तोंडी पोचवेपर्यंत, जळगावची गाडी सुटून गेली होती.

नाना चेष्टा करत नव्हते. त्यांचा स्वभावच तसा होता. "पायरी गाळायची नाही," हे ते दिवसातून दहादा म्हणत.

मीरा, तू परवा फोनवर कुरकुरलीस, की तुझ्या क्वांटम मेकॅनिक्सच्या पुस्तकात दोन ओळींच्या मधे 'हे सहज दाखवता येईल' असं लिहिलेलं असतं, आणि ते सहज दाखवायला तुझा अख्खा रविवार पुरत नाही. तेव्हापासून नाना माझ्या डोक्यातून जात नाहीत. आरव, तू फिजिक्स घेतलं नाहीस तरी वाच. गणित मलाही येत नाही. तुमच्या आजीने इंग्रजी शिकवण्यात जन्म काढला.

ही गोष्ट धुळ्याची, नव्वद सालाच्या आसपासची. देवपुरात आमच्या कंपाउंडच्या पलीकडे नानांचं घर. ते मूळचे शिंदखेड्याकडचे शेतकरी घरातले. उंच, सडपातळ, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी खडू. मी होते त्याच कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला ते क्वांटम मेकॅनिक्स शिकवत. वर्गात सात मुलं. पुस्तक इंग्रजी, मुलं मराठी शाळांतली. पुस्तकात 'सहज दाखवता येईल' हे शब्द आले, की नाना पुस्तक मिटून बाजूला ठेवत.

"लिहिणाऱ्याला सहज असेल," ते म्हणत. "तो घरी पंख्याखाली बसून लिहितो. माझी पोरं दोंडाईच्याच्या गाडीला लोंबकळत येतात. त्यांना दाखवायला नको?"

मग ते दाखवत. एकदा एक 'सहज' दाखवायला त्यांना सलग तीन तास लागले. दोन्ही फळे भरले, तेव्हा उरलेलं दाराच्या आतल्या बाजूला लिहिलं. शिपायाने दार उघडलं आणि निम्मं समीकरण व्हरांड्यात गेलं. सातही मुलं वह्या घेऊन त्याच्या मागे.

पण शिकवत छान. एकदा मी दाराशी उभी राहून ऐकलं. अणूमधल्या इलेक्ट्रॉनची जागा सांगणारी तीन अक्षरं एकाच समीकरणात अडकलेली होती, आर, थीटा आणि फाय. त्यांना सुटं करायचं होतं.

"हे तिघं भाऊ," नाना सांगत होते. "एकत्र कुटुंब. आपण वाटणी करून द्यायची. फाय धाकटा, तो पहिला वेगळा निघतो. निघताना बांधावर एक स्थिरांक ठेवायचा. बांधाच्या दोन्ही बाजूंनी तो मान्य केला पाहिजे."

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, नाही केला तर कोर्टात जायचं?"

"तू वकील हो, मग जाऊ. आता लिही."

माणसांशीही त्यांची हीच रीत. कोणाकडे दुःखाचं भेटायला गेले, तर लोक हळहळून दोन वाक्यं बोलतात आणि निघतात. नाना बसत. "मग डॉक्टर आले. त्याच्या आधी काय झालं? त्यांनी पाणी मागितलं, ते कोणी दिलं?" मला आधी हे भयंकर वाटायचं. पुढे पाहिलं, की घरातली माणसं अगदी पहिल्यापासून सगळं सांगत, रडत, आणि नाना उठेपर्यंत जरा हलकी झालेली असत.

नानांची परीक्षा मात्र घरी होत असे. घेणाऱ्या वत्सलावहिनी. चौथीपर्यंत शिकलेल्या, बोलणं सगळं अहिराणीत. रोज संध्याकाळी त्या ओट्यावर दादर ज्वारी निवडत बसत आणि नाना समोर उभे राहून उद्याचा तास त्यांना म्हणून दाखवत. वहिनींचं लक्ष सुपात. एकाएकी मान वर न करता म्हणत, "आठे घाई व्हयनी." म्हणजे, इथं घाई झाली.

नाना थांबत, मागे जात, आणि तिथं खरोखर एखादी ओळ सुटलेली सापडे, नाहीतर उणे चिन्ह हरवलेलं.

मी वहिनींना विचारलं, "तुम्हाला कसं कळतं हो?"

"माले काय कळस, अक्का!" त्या हसल्या. "पन माणूस नाल्यावरथीन उडी मारस ना, तवय श्वास धरस. आमना सर बी तसाच धरतस."

त्या वर्षी नेमक्या वहिनीच घरी नव्हत्या. त्यांची मुलगी सुरतेला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलं. तेव्हा वहिनीच बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा घेऊन सुरतेला गेल्या. आणि त्याच आठवड्यात प्राचार्यांनी नानांना बोलावून घेतलं.

"पाटील, पोर्शन कुठवर आलाय?"

"हायड्रोजनच्या दाराशी."

"गेल्या महिन्यातही दाराशीच होता. पेपरात निम्मे मार्क हायड्रोजनवर असतात. अभ्यासाची सुट्टी लागायच्या आत तो संपवा. नाही जमलं तर धडा त्या नव्या सरांकडे देतो. त्यांच्याजवळ तयार नोट्स आहेत, चार तासांत उरकतील."

नाना तिथून थेट आमच्याकडे आले. "अक्का, तो पोरगा वाईट नाही," ते म्हणाले. "पण तो 'सहज' म्हणेल."

एवढंच म्हणाले. चहा तसाच ठेवून गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जास्तीचे तास सुरू केले, सकाळी कॉलेज उघडायच्या आधी. एकही पायरी न गाळता त्यांना वेळेत पोचायचं होतं. पण ओट्यावर वहिनी नव्हत्या. फळ्यावरून उणे चिन्हं हरवायला लागली. एके सकाळी अर्धा तास गणित चालल्यावर पहिल्या बाकावरची मनीषा म्हणाली, "सर, याच्यात तर इलेक्ट्रॉन अणूत राहतच नाही. पळाला."

"कुठं पळाला?"

"अनंतावर, सर."

नानांनी फळा पुसला आणि तास सोडून दिला. त्यांनी तास सोडल्याचं मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

दुपारी कागद घेऊन ते आमच्या जेवणाच्या टेबलाशी आले. "अक्का, जरा ऐकता?" मी टेबल पुसलं, पेन्सिलीला टोक केलं आणि बसले. पाऊण तास मन लावून ऐकलं. शेवटी नानांनी कागद गोळा केले.

"नाही जमत, अक्का. तुम्ही मान हलवता."

"मला कळल्यासारखं वाटतं म्हणून हलवते."

"तेच वाईट. घरची मंडळी मान हलवत नाही."

मी शिकलेली बाई, मला चांगलाच राग आला. पण त्यांचं म्हणणं खरं होतं. इंग्रजी शब्द ओळखीचे वाटले, की माझी मान आपोआप हलत होती.

तेव्हा घरोघर फोन नव्हते. बाजारपेठेत कांतीभाऊंचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानाच्या कोपऱ्यात काचेचा एसटीडी बूथ. दर रविवारी सकाळी मी तुमच्या बाबांना बंगलोरला फोन करायला तिथं जात असे. त्या रविवारी आत नाना उभे. एका हातात रिसीव्हर, दुसऱ्या हातात कागद. सुरतेची लाइन खराब, म्हणून ओरडून बोलत होते.

"एन बरोबर दोन! दोन! मग एल बरोबर शून्य, किंवा एक! नाही, दोन चालत नाही! का चालत नाही ते सांगतो!"

कांतीभाऊंनी गज खाली ठेवला. हळूच मला विचारलं, "अक्का, सरजी ओपन सांगतायत का क्लोज?"

"अहो, ते शिकवतायत."

"सुरतेला?" कांतीभाऊंनी डोळा बारीक केला आणि पावतीच्या पाठीमागे दोन, शून्य, एक असे आकडे लिहून घेतले. ते आकडे मटक्यावर लावले आणि त्यांचे पैसे गेले. पुढच्या रविवारी ते नानांवर रुसून बसले. "सरजी, तुमचा नंबर लागला नाही."

"कोणता नंबर?" नाना म्हणाले. "पहिल्यापासून सांगा."

पण फोनचा उपयोग झाला. लेकीच्या सासरी घरात फोन होता; तिकडून वहिनी लेकीच्या उशाशी बसून ऐकत आणि सांगत, "आठे घाई व्हयनी." नाना काचेच्या आत वाकून कागदावर दुरुस्ती करत. उणे चिन्हं परत आली. इलेक्ट्रॉन अणूत राहायला लागला. मुलं पहाटेच्या गाड्या पकडून येत होती. बाहेर रांगेतली माणसं कुरकुरत आणि मी त्यांना दटावत असे.

सुट्टी लागायला दोन दिवस होते, त्या गुरुवारी संध्याकाळी नाना पेढे घेऊन आले. हायड्रोजनचा अणू पूर्ण झाला होता. एकही पायरी गाळली नव्हती. प्राचार्य स्वतः वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले, आणि शेवटची ओळ लिहून झाल्यावर सातही मुलांनी बाकं बडवली.

"आणि सुरतेचे पेढे वेगळे," नानांनी दुसरा पुडा काढला. "नात झाली."

"अहो, हे आधी सांगायचं ना!"

"आधी अणू झाला, अक्का. मग तार आली. क्रमाने सांगतोय."

वहिनी मात्र लगेच येणार नव्हत्या. बाळंतिणीचा सव्वा महिना झाल्याशिवाय निघायचं नाही, असं ठरलं होतं.

रविवारी मी बूथवर गेले, तर नाना माझ्या पुढे उभे. हातात तेच कागद.

"नाना, हायड्रोजन गुरुवारीच संपला ना?"

"हो."

"मग हे कशाला?"

त्यांनी कागदांच्या कडा जुळवल्या. "दुसरं काय बोलायचं ते येत नाही, अक्का," ते म्हणाले, आणि आत गेले.

काचेतून ऐकू येत होतं. "दोघी बऱ्या ना? बरं." एवढं झालं आणि लगेच तिघा भावांची वाटणी सुरू. आज ते ओरडत नव्हते, लाइन चांगली असावी. शेवटच्या कागदापर्यंत पोचले, मग दार अर्धवट उघडून रिसीव्हर बाहेर काढला. "मंडळी म्हणते, अक्काले द्या."

मी फोन कानाला लावला. तिकडे तान्हं बाळ रडत होतं.

"अक्का," वहिनी म्हणाल्या, "धडा सरी गया ना त्यास्ना?"

"हो. गुरुवारीच."

"माले वाटनंच. आज कोठेच श्वास धरा नही त्यास्नी."

मी विचारलं, "मग ठेवू का फोन? की देऊ त्यांना?"

"द्या ना. आन सांगा, मधली एक पायरी माले ऐकू नही उनी. पहिलेथीन सांगा म्हना."

मी निरोप सांगितला, शब्दन् शब्द. नानांनी चष्मा पुसला, कागद उलटून पहिला वर घेतला आणि दार ओढून घेतलं.

माझ्या मागे दोन माणसं उभी होती. मी त्यांना म्हटलं, "चहा पिऊन या. वेळ लागेल."