पहिल्या दर्शनाची बोली

शनिवारी दुपारी नवी दुर्बीण सुरेशचंद चोरडियांच्या दिवाणखान्यात तिपाईवर उभी राहिली, तेव्हा तिचं तोंड भिंतीवरच्या त्यांच्या दिवंगत वडिलांच्या, रुपचंदजींच्या, तसबिरीकडे होतं. हमालाने ती जशी ठेवली तशी ती राहिली होती, पण सुरेशचंदांना त्यात शुभशकुन दिसला. वडिलांच्या नावाने तलावाकाठी पक्षीनिरीक्षणाचा मनोरा उभारायचा, हा त्यांचा चार वर्षांचा ध्यास होता. रविवारी सकाळी नऊ वाजता वनखात्याचे साहेब असोद्याच्या पुढे धामणखेड्याच्या तलावावर येणार होते. पट्टकदंब नावाचे रानहंस हिवाळ्यात तिथे उतरतात हे साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, की मनोऱ्याला परवानगी. नाही पाहिलं, तर नाही.

सुरेशचंदांचं जळगावात कापडाचं दुकान होतं. डॉक्टरांनी पहाटे चालायला सांगितल्यापासून ते पक्षीमित्र झाले होते. चार वर्षांत त्यांना अकरा पक्ष्यांची नावं येऊ लागली होती. त्यातली तीन एकाच पक्ष्याची होती. त्यांनी स्थापन केलेल्या पक्षीमित्र मंडळात अठरा सभासद होते आणि त्यातले चौदा पदाधिकारी. उरलेल्या चौघांना पुढच्या वर्षी पद द्यायचं ठरलं होतं. आजवर मंडळाने तीन सत्कार घडवून आणले होते आणि दोन दिनदर्शिका काढल्या होत्या. दुसऱ्या दिनदर्शिकेत खान्देशातले हिवाळी पाहुणे म्हणून जानेवारीच्या पानावर पेंग्विन होता.

पट्टकदंब अर्थातच मंडळाला सापडले नव्हते. ते धामणखेड्याच्या शाळेतल्या शिक्षिका दिपमालाबाईंना सापडले होते. तीन हिवाळे त्या रोज पहाटे तलावावर बसून वहीत आकडे लिहीत होत्या. मंडळाने त्यांचं अभिनंदन केलं आणि शोध मंडळाच्या नावावर छापून आणला. बाईंनी त्याबद्दल तक्रार केली नाही. शनिवारी त्यांनी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर फक्त तीन सूचना टाकल्या. पांढरे कपडे नकोत, पाण्यापासून दोनशे पावलं लांब थांबायचं, आणि बोलायचं नाही. उत्तरादाखल सतरा जणांचे जोडलेले हात आले. त्याखाली त्याच सतरा जणांनी नाश्त्याला कचोरी की फाफडा, यावर संध्याकाळपर्यंत चर्चा केली.

संध्याकाळच्या बैठकीत खरा प्रश्न निघाला. दुर्बिणीतून पहिलं कोण बघणार? डाळमिलवाले मोतीलालशेठ म्हणाले, वयाने मीच मोठा. ठिबकच्या नळ्यांचे व्यापारी प्रेमराज म्हणाले, दुर्बीण कोणती घ्यायची हे मी सांगितलं. सुरेशचंदांना स्वतःचं नाव सुचत होतं, पण ते दुसऱ्या कोणाला सुचेना. पाऊण तासाने त्यांना तोडगा सापडला, आणि तो त्या खोलीतल्या प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक होता. बोली लावायची. मंदिरात पहिल्या पूजेचा मान बोलीने ठरतो. बोली तुपाच्या मणांत चढते, आणि ज्याची बोली शेवटची ठरते त्याच्याआधी कोणी पुढे होत नाही. इथे तुपाऐवजी ज्वारीची पोती धरू, सुरेशचंद म्हणाले, ती पाखरांच्याच पोटात जातील. मानही होईल आणि जीवदयाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या ऐकून सुरेशचंदांच्या ब्याऐंशी वर्षांच्या आई, मोहनबाई, आतून बाहेर आल्या. काय ठरलं ते त्यांनी विचारून घेतलं.

"बोली देवापुढे लावतात," त्या म्हणाल्या. "पाखरांपुढे कशाला?"

"बाई, भावना तीच आहे," सुरेशचंद आईला म्हणाले.

"भावना तीच असेल. पण देव उठून जात नाही."

ही सूचना इतिवृत्तात घेतली गेली नाही.

रविवारी सहा पन्नासला सात गाड्या तलावाजवळ लागल्या. या प्रसंगासाठी मंडळाने नवे सदरे शिवले होते. कापड सुरेशचंदांच्या दुकानातलं होतं आणि रंग पांढराशुभ्र. दिपमालाबाई मातकट शाल पांघरून बाभळीखाली बसल्या होत्या. त्यांनी सदरे पाहिले आणि काही वेळ डोळे मिटून घेतले. पाण्यावर विरळ धुकं होतं आणि उथळ कडेला सत्तेचाळीस पट्टकदंब विसावले होते. पांढरी डोकी, त्यांवर मागून गेलेले दोन काळे पट्टे. दुर्बिणीशिवायही ते नीट दिसत होते, पण तसं पाहायला कोणी आलं नव्हतं.

"शेठ, सगळे जिथे आहात तिथे बसून घ्या," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "साहेबांनी एकदा पाहिलं, की मग तुमचा कार्यक्रम करा."

"मॅडम, दहा मिनिटांचं काम आहे," सुरेशचंद म्हणाले. "तेवढ्यात ते कुठे जातात?"

बोली सात वाजून पाच मिनिटांनी सुरू झाली. बाईंनी वहीत वेळ लिहिली आणि दोन रकाने आखले. डावीकडे पोती, उजवीकडे पक्षी. पाच पोत्यांना सत्तेचाळीस पक्षी होते आणि बहुतेक झोपेत होते. नऊ पोत्यांना सगळ्यांच्या माना वर झाल्या. तेरा पोत्यांना ते एकमेकांजवळ आले आणि पोहत पाण्याच्या मध्यावर गेले. सतरावर मोतीलाल आणि प्रेमराज दोघेच उरले. मग कोण कोणाच्या मुलाच्या लग्नात किती वेळ थांबलं होतं, हा विषय निघाला आणि आवाज चढले. प्रेमराज एकोणीसला थांबले. मोतीलालशेठ एकवीस म्हणाले.

"एकवीस पोती, एक बार," सुरेशचंद खणखणीत आवाजात म्हणाले. "एकवीस पोती, दो बार."

तिसऱ्या पुकाऱ्याआधी थोडं थांबायचं असतं, तसे ते थांबले. मग पुकारा झाला आणि अठरा जणांनी एकदम टाळ्या वाजवल्या. बाईंनी उजव्या रकान्यात शून्य लिहिलं आणि खाली वेळ टाकली, सात बावीस. तिबेटाकडून हिमालय ओलांडून आलेल्या त्या पक्ष्यांना वाटेत वारा, बर्फ आणि विरळ हवा यांपैकी कशानेही माघारी फिरवलं नव्हतं.

मोतीलालशेठना हार घातला गेला. त्यांनी हात जोडले आणि दुर्बिणीला डोळा लावला.

"काही दिसत नाही."

दुर्बिणीचं झाकण काढायचं राहिलं होतं. ते काढलं. शेठनी पुन्हा डोळा लावला.

"आता पाणी दिसतंय," ते म्हणाले.

पुढची दहा मिनिटं पक्षी कोणामुळे उडाले यावर गेली. मग मोतीलालशेठनी खुर्ची मागवली, दुर्बिणीजवळ ठेवली आणि तिच्यावर बसले. बोली पहिल्या दर्शनाची होती. दर्शन झालेलं नाही. ते होईपर्यंत दुसऱ्या कोणाचा डोळा या दुर्बिणीला लागणार नाही. सुरेशचंदांनी त्यांना नऊ वाजताची आठवण करून दिली.

"बघू देत की साहेबांना," शेठ म्हणाले. "माझ्यानंतर."

बोली मोडायची नसते हे सगळे जाणत होते, आणि ती आज मोडली तर उद्या मंदिरात आपली कोण मानणार, हाही प्रत्येकाचा प्रश्न होता. तेव्हा एकच मार्ग उरला. पक्ष्यांनाच परत आणायचं.

ज्वारी हाताशी होती. मोतीलालशेठचा ट्रॅक्टर पोती घेऊन आठच्या आतच तलावावर पोहोचला. पोती मोजून एकवीस भरली. शेठनी ती आदल्या रात्रीच लादून ठेवली होती, हे चालकाच्या तोंडून बाहेर पडलं. प्रेमराजांनी त्यानंतर शेठशी बोलणं टाकलं. दिपमालाबाईंनी समजावून पाहिलं की हे पक्षी रात्री शेतांत चरतात आणि दिवसा पाण्यावर विसावा घेतात, माणसांनी ओतलेल्या ढिगावर ते येणार नाहीत.

"मॅडम, खायला घातलं की कोण येत नाही?" सुरेशचंद म्हणाले. त्यांच्या बोलण्याला अनुभवाचा आधार होता. नाश्त्याशिवाय मंडळाची एकही बैठक भरली नव्हती.

सव्वाआठला चार पोती फोडून काठावर पसरली. पहिल्या पाच मिनिटांत कावळे आले, नंतर गावातली कबुतरं. साडेआठला बांध ओलांडून गावातल्या धनसिंग गुराख्याच्या साठ बकऱ्या आल्या. पक्षीमित्रांची पंचाईत झाली. जीवदयेच्या ज्वारीवरून मुक्या जिवाला काठीने हाकलायचं कसं? त्यांनी बकऱ्यांना तोंडी विनंती केली. बकऱ्या खात राहिल्या. धनसिंग धावत आला तेव्हा दोन बकऱ्यांची पोटं नगाऱ्यासारखी ताणली होती आणि एक पाय पसरून आडवी झाली होती. इतके कोरडे दाणे बकरीला पचत नाहीत, हे अठरा जणांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

"पाखरे त उडी ग्यात," धनसिंग म्हणाला. "आते मन्या बकऱ्या माराले ऊनात का तुम्ही?"

सुरेशचंद त्याला ही मंडळाची सेवा असल्याचं सांगत होते, तेवढ्यात साहेबांची जीप आली. नऊला दोन मिनिटं कमी होती. साहेब खाली उतरले. समोर अठरा पांढरे सदरे, साठ बकऱ्या, एक ट्रॅक्टर, आणि गळ्यात हार घालून दुर्बिणीला खेटून बसलेले एक वृद्ध गृहस्थ होते. पक्षी कुठे आहेत, असं साहेबांनी विचारलं. साहेब दुर्बिणीकडे गेले आणि वाकले. मोतीलालशेठनी काचेवर तळहात ठेवला.

"साहेब, माफ करा. पहिलं दर्शन माझं आहे."

सुरेशचंदांनी मान खाली घातली. मनोऱ्याच्या नकाशात त्यांनी वडिलांचं नाव दोन फुटी अक्षरांत काढून घेतलं होतं, आणि तो नकाशा गुंडाळी करून त्यांच्या काखेत होता.

पक्षी कुठे, याचं उत्तर धनसिंगने दिलं. बकरीचं पोट चोळता चोळता त्याने मानेनेच पलीकडे दाखवलं. "पाखरे शेतस ना. तठे, बांधना मांगे. तठे मानसे नहीत म्हनीसन."

साहेबांनी आजारी बकऱ्या जीपमध्ये घालून गुरांच्या दवाखान्यात पाठवल्या आणि ते दिपमालाबाईंबरोबर बांधाच्या वाटेला लागले. मंडळही उठून मागे निघालं. साहेबांनी वळून नुसता हात वर केला. त्या सकाळी मंडळ प्रथमच गप्प बसलं.

साहेब अर्ध्या तासाने परतले. त्यांचे बूट चिखलाने भरले होते. बाईंच्या जुन्या हातदुर्बिणीतून त्यांनी बांधामागच्या डबक्यावरचे सत्तेचाळीस पट्टकदंब पाहिले होते आणि दोनदा मोजले होते. बाईंच्या वहीतल्या दोन रकान्यांच्या पानाचाही त्यांनी मोबाइलवर फोटो काढून घेतला होता.

"म्हणजे साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले," सुरेशचंद नकाशा उलगडत म्हणाले. "म्हणजे मनोरा—"

"अहवाल येईल," साहेब म्हणाले, आणि जीप परत येईपर्यंत ते धनसिंगशी बोलत उभे राहिले.

उरलेल्या सतरा पोत्यांतली दोन धनसिंगने नुकसानीपोटी नेली, बाकीची पांजरापोळात गेली. बकऱ्या वाचल्या. फेब्रुवारीत अहवाल आला. तलाव पक्ष्यांसाठी फार महत्त्वाचा आहे, असं पहिल्याच परिच्छेदात होतं, आणि सुरेशचंदांनी तेवढं वाचून पेढे वाटले. दुसऱ्या परिच्छेदात सोबत जोडलेल्या पानाचा उल्लेख होता. माणसांचा समूह जवळ येऊन बोलू लागल्यास पक्षी वीस मिनिटांच्या आत तलाव सोडतात, हे त्या पानावरून सिद्ध होतं. सबब मनोऱ्याला परवानगी नाही. त्याऐवजी वाटेवर सूचनाफलक लावावा. मनोऱ्यासाठी पुढे आलेल्या दात्यांची इच्छा असल्यास त्यांनी तो लावून द्यावा, खाली लहान अक्षरांत नाव घालण्यास हरकत नाही.

दात्यांनी फलक लावला. पेढे वाटून झाल्यावर दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. अनावरणाचा समारंभ मात्र घेता आला नाही, कारण फलकावरच त्याला मनाई होती. दुर्बीण चोरडियांच्या दिवाणखान्यात झाकण लावून उभी आहे. मोतीलालशेठांचं दर्शन अजून बाकी आहे. त्यासाठी त्यांना एकट्याने जाऊन मुकाट बसावं लागेल, आणि तसं त्यांनी आयुष्यात कधी केलेलं नाही. प्रेमराजांनी दुसरं पक्षीमित्र मंडळ काढलं आहे. त्यात सध्या पाच सभासद आणि सात पदं आहेत.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मोहनबाईंनी फलक बघायचा हट्ट धरला. सुरेशचंद त्यांना एकटेच घेऊन गेले. मोहनबाई काठी टेकत फलकासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी एकेक अक्षर लावून वाचलं. पुढे जाऊ नये. घोळक्याने थांबू नये. बोलू नये. स्व. रुपचंद चोरडिया यांच्या स्मरणार्थ.

लांब पाण्यावर पट्टकदंब उन्हात बसले होते. मोहनबाईंनी डोळ्यांवर हात धरून ते बराच वेळ पाहिले.

"पन्नास वर्षं हे घरात एवढंच सांगत होते," त्या म्हणाल्या. "कोणी ऐकलं नाही."

सुरेशचंदांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मोहनबाईंनी काठी उचलली आणि फलकाच्या तिसऱ्या ओळीवर टेकवली.